वडाची साल आणि जीवाणूंची वसाहत



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या सरांनी मला चार वर्षे विज्ञान शिकवले. व्याख्यानाच्या आरंभी गुरूंचे गुणगान करण्याचा प्रघात आहे. परंतु सर आज समोर बसले असते तर तिसऱ्याच वाक्याला त्यांनी घड्याळ पाहिले असते. म्हणून त्यांची एकच आठवण सांगतो, आणि ती सांगितली म्हणजे विषयाचा उपोद्घातही होईल.

१९६४ सालच्या पावसाळ्यातली ही गोष्ट. शाळेच्या मागच्या अंगणात तेव्हा पाण्याचा हौद होता. आजव्याच्या तलावाचे पाणी त्यात येऊन पडे. सरांनी एक काचपट्टी सुतळीला बांधून त्या हौदात सोडली आणि आठ दिवसांनी वर काढली. ती बुळबुळीत झाली होती. आम्ही नाक मुरडले. सरांनी ती वाळवली, तोंड आल्यावर घरोघरी लावतात ते जांभळे जेंशियन व्हायोलेट तीवर ओतले, पाण्याखाली धरली आणि शाळेतल्या एकुलत्या एका सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. मग हौदातल्या पाण्याचा एक थेंब दुसऱ्या पट्टीवर घेऊन त्यालाही तोच संस्कार केला. पाण्यात शोधशोध शोधावे तेव्हा एखादा ठिपका दिसे; काचेवर मात्र मांडवीखाली दिवाळीच्या आदल्या दिवशी असते तशी दाटी उसळलेली. सर म्हणाले, "पाणी मोकळे टाकून ही मंडळी काचेला का चिकटली, ते मला ठाऊक नाही. तुमच्यापैकी कोणाला कधी कळले तर येऊन सांगा."

मला ते थोडेफार कळले तेव्हा सर हयात नव्हते. आजचे हे व्याख्यान म्हणजे उशिरा दिलेले उत्तर आहे.

काचेवरच्या त्या वस्तीला इंग्रजीत बायोफिल्म म्हणतात. आपण तिला जैवपटल म्हणू. जीवाणू एखाद्या पृष्ठभागाला चिकटतात, स्वतःभोवती शर्करा, प्रथिने आणि केंद्रकाम्ले यांचा चिकट लगदा स्रवतात आणि त्या लगद्याच्या आश्रयाने एकमेकांना धरून राहतात. नळाच्या आतला बुळबुळीत थर, नदीतल्या दगडावरचा निसरडेपणा, सकाळी जिभेला जाणवणारी दातांवरची कीट, ही सारी एकाच कुळीची माणसे. शरीराबाहेर आहेत तोवर त्यांचा उपद्रव मर्यादित असतो. परंतु हीच वस्ती मूत्रमार्गात घातलेल्या नळीवर, हृदयात बसवलेल्या कृत्रिम झडपेवर किंवा मधुमेही माणसाच्या पायाच्या जखमेत बसली, की प्रतिजैविके हतबल होतात. मोकळ्या जीवाणूला जी मात्रा पुरते तिच्या शेकडो पट मात्रा वसाहतीतल्या जीवाणूला कधीकधी पुरत नाही. आणि या वसाहती मोडण्यासाठी, किंबहुना त्या बसूच नयेत यासाठी, गेली तीस वर्षे जगातले संशोधक ज्या द्रव्यांचा शोध घेत आहेत त्यांतली पुष्कळशी वनस्पतींतून आली आहेत. त्या शोधाचा इतिहास आपल्या शहराच्या वेशीतून कसा गेला, एवढेच मला सांगायचे आहे.

आपल्या शहराचे नावच झाडावरून पडलेले. राष्ट्रकूट राजा कर्क सुवर्णवर्ष याच्या इसवी सन ८१२ च्या ताम्रपटात वटपद्रक या गावाच्या दानाचा उल्लेख आहे. वडांचे गाव ते वडोदरा, आणि आपण मराठी माणसे म्हणतो ते बडोदे. आता गंमत अशी की वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त दात घासण्यासाठी ज्या झाडांच्या काड्या सांगितल्या आहेत त्यांत रुई, खैर, करंज आणि अर्जुन यांच्या पंक्तीला वडही बसला आहे. माझ्या लहानपणी दांडिया बाजारच्या कोपऱ्यावर सकाळी दातणे विकणाऱ्या बाया बसत. त्यांच्या टोपलीत बाभूळ असे, कडुनिंब असे, आणि वडाच्या कोवळ्या पारंब्याही असत. गुजरातीत त्यांना वडवाई म्हणतात. माझी आजी शेवटपर्यंत वडवाईच वापरीत असे. पुढे पावडर आली, नंतर पेस्ट आली, आणि टोपल्या दिसेनाशा झाल्या.

वड, उंबर, पिंपळ, पायर आणि पारसपिंपळ या पाच झाडांच्या सालींना वैद्य पंचवल्कल म्हणतात. पाचव्या झाडाविषयी ग्रंथकारांत एकमत नाही. कोणी तेथे शिरीष घेतात, कोणी वेतस. या सालींचा काढा व्रण धुण्यासाठी वापरावा हा संकेत फार जुना. सुश्रुताने व्रणाचे साठ उपक्रम सांगितले, आणि औषधींचे जे गण पाडले त्यांतला व्रणाला हितकर असा एक गण वडाच्याच नावाने, न्यग्रोधादी म्हणून, ओळखला जातो. यावरून सुश्रुताला जैवपटल माहीत होते असे म्हणण्याची आजकाल एक हौस आली आहे. ती मला मान्य नाही. सुश्रुताला जीवाणू माहीत नव्हते. त्याला माहीत होता तो व्रण. तो कोणत्या रंगाचा, कोणत्या वासाचा, किती स्रावाचा, आणि कशाने शुद्ध होतो, हे त्याने डोळ्यांत तेल घालून पाहिले होते. निरीक्षणाचे श्रेय निरीक्षणाला द्यावे. त्याला सिद्धान्ताची उसनी शाल पांघरू नये.

जीवाणूंना प्रथम पाहिले ते डेल्फ्टच्या एका कापडव्यापाऱ्याने, आणि त्याने ते दातांवरही पाहिले. अंतोनी फान लेव्हेनहूक याने १७ सप्टेंबर १६८३ च्या पत्रात लंडनच्या रॉयल सोसायटीला आपल्या दातांवरच्या पांढऱ्या किटाचे वर्णन कळवले. त्याला त्यात इवले इवले प्राणी हालताना दिसले. पुढे त्याने एक प्रयोग केला. त्याने व्हिनेगरने दात धुतले आणि पाहिले, तर किटाच्या बाहेरच्या अंगाचे प्राणी मेले होते, आतले नव्हते. व्हिनेगर आतपर्यंत पोचलेच नव्हते. अर्वाचीन वैद्यकाची एक मोठी अडचण तीनशे चाळीस वर्षांपूर्वी एका माणसाने आपल्या तोंडात पाहून ठेवली होती. ती पुढे विसरली गेली.

का विसरली गेली? याचे उत्तर एकोणिसाव्या शतकाच्या यशात आहे. रॉबर्ट कॉक आणि त्याच्या शिष्यांनी जीवाणूंना एकेकटे करण्याची कला साधली. १८८२ च्या सुमारास समुद्रातल्या लाल शैवालापासून काढलेले अगार प्रयोगशाळेत आले, १८८७ मध्ये पेट्रीची झाकणाची बशी आली. एक रोग, एक जंतू, एक शुद्ध संवर्ध, हा त्या काळचा मंत्र होता, आणि त्याने पटकीचा व क्षयाचा जंतू हाती दिला, हे कोण नाकारील? परंतु गावातून एकेका माणसाला उचलून कोठडीत ठेवले आणि तेथे त्याचा स्वभाव नोंदवला, तर गावगाडा कसा चालतो ते कळत नाही. जीवाणूशास्त्राचे जवळजवळ शतकभर असे झाले.

या शतकातला एक प्रसंग आपल्या शहराच्या उंबरठ्यावर घडला आहे, आणि तो आपल्या मुलांना माहीत नसतो, म्हणून थोडा आडरस्ता पत्करून सांगतो. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन याने ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. प्लेगचा जंतू वाढवण्यासाठी तो मांसरसाच्या चंबूत वरून तुपाचे थेंब सोडी. जंतू त्या तुपाच्या तवंगाला धरून वाढत आणि खाली लोलकांसारखे लोंबत. चंबू हलवला की लोलक गळून पडत, पुन्हा नवे धरत. तुपाला धरून वाढणारी ही वसाहत हाफकिनने डोळ्यांनी पाहिली, तिचा उपयोगही करून घेतला. परंतु त्याच्या लेखी ती अधिक पीक काढण्याची युक्ती होती. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८९८ मध्ये, बडोद्यापासून चारपाच कोसांच्या आत असलेल्या उंडेरा गावात लशीची परीक्षा झाली. प्रत्येक घरातली अर्धी माणसे टोचली, अर्धी तशीच ठेवली. न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना प्लेग झाला आणि २६ दगावले. टोचलेल्या ७१ पैकी ८ जणांना झाला आणि ३ दगावले. आज रिफायनरीच्या बाजूने जाताना उंडेऱ्याची पाटी लागते, तेव्हा मला हे आकडे आठवतात. एकाच चुलीवर जेवणाऱ्या माणसांची ती विभागणी होती. पुढे १९१४ मध्ये बेकट आणि मार्टिन यांनी दाखवले की प्लेगचे जंतू पिसवेच्या अन्नमार्गात गठ्ठा करून तो बुजवतात. उपाशी पिसू मग पुन्हापुन्हा चावते आणि रोग पसरवते. तो गठ्ठा म्हणजेही जैवपटल, हे कळायला विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली.

त्याच काळात बडोद्यात दुसरे एक काम चालले होते. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन स्थापन केले आणि त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांना त्याचे प्रमुख केले. तंत्रविद्या देशी भाषांतून शिकवता येते यावर गज्जरांचा विश्वास होता. ते रंगांचे रसायनज्ञ. मुंबईच्या राणीच्या संगमरवरी पुतळ्याला चाफेकर बंधूंनी डांबर फासले, तो डाग काढणारे हेच गज्जर. प्लेगवर त्यांनी आयोडिनचे एक संयुगही सुचवले होते. त्यांच्या शिष्यांपैकी कोटिभास्कर आणि भाईलाल दाजीभाई अमीन यांच्या खटपटीतून १९०७ साली अलेम्बिकचा कारखाना उभा राहिला. आरंभी त्याचे मुख्य काम मद्यार्क आणि टिंक्चरे यांचे. टिंक्चर म्हणजे काय, तर वनस्पतीचा मद्यार्कातला अर्क. आजीचा काढा पाण्यातला, कारखान्याचा मद्यार्कातला. पाण्यात एक द्रव्य उतरते, मद्यार्कात दुसरेच, ही रसायनशास्त्राची पहिली पायरी. सालीतली कषाय द्रव्ये, म्हणजे टॅनिने, पाण्यातही चांगली उतरतात. हळदीचे पिवळे द्रव्य पाण्यात जवळजवळ उतरतच नाही. एकाच झाडाच्या दोन अर्कांची परीक्षा दोन वेगळ्या औषधांची परीक्षा असते, ही गोष्ट पुढे पुष्कळ संशोधकही विसरले.

वनस्पतींची यादी करण्याचे काम आपल्या मंडळींनी मन लावून केले. डॉ. सखाराम अर्जुन यांनी मुंबईच्या बाजारातल्या औषधींची सूची १८७९ साली काढली. शंकर दाजीशास्त्री पदे यांचा 'आर्यभिषक्' तर मराठीत आणि गुजरातीत सारख्याच आवडीने वाचला गेला. बडोद्यातल्या दोन्ही भाषांच्या घरांत तो सापडे. डॉ. वामन गणेश देसाई यांचा 'औषधीसंग्रह' १९२७ मध्ये आला. सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी १९४२ मध्ये कडुनिंबाच्या तेलातून निंबिन आदी कडू द्रव्ये वेगळी केली. सामग्री जमत होती. आणि नेमक्या याच सुमारास पेनिसिलीन आले.

पेनिसिलीनने जे केले ते पाहिलेल्या पिढीला त्याविषयी कृतज्ञ राहावेच लागेल. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली स्थापन झाली, १९६१ मध्ये आपल्या अलेम्बिकमध्येही पेनिसिलीन होऊ लागले. परंतु या यशाने एक मोजपट्टी सर्वत्र रूढ झाली. अगारच्या बशीवर जीवाणू पसरायचे, मध्ये औषधाची टिकली ठेवायची; औषधात दम असेल तर तिच्याभोवती जीवाणू मरून एक स्वच्छ वर्तुळ पडते. वर्तुळ जितके मोठे तितके औषध चांगले. या मोजपट्टीने वडाची साल, हळद, लसूण, लवंग सारे तपासले गेले. काहींची लहान वर्तुळे पडली, पुष्कळांची पडलीच नाहीत. प्रतिजैविकाशेजारी ती केविलवाणी दिसत. मग निष्कर्ष निघे की या औषधीत अर्थ नाही.

तो निष्कर्ष मीही काढला आहे, आणि तो कोठे काढला हे सांगितल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही.

१९८६ साली माझ्या आईच्या पायाला जखम झाली. तिला मधुमेह होता. मी तेव्हा महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवीत होतो. जखमेतला स्राव तपासला; अमुक जीवाणू आहे आणि तमुक प्रतिजैविकाने तो मरतो, असा स्वच्छ अहवाल आला. ते प्रतिजैविक दिले. जखम सुकली, औषध थांबले, जखम पुन्हा वाहू लागली. पुन्हा तपासणी, पुन्हा तोच जीवाणू, पुन्हा तोच अहवाल. असे सात महिने चालले. जीवाणू बशीवर मरतो आणि पायात मरत नाही, याचा उलगडा मला होईना. या काळात माझी मावशी नवसारीहून आली आणि पंचवल्कलाच्या काढ्याने जखम धुऊ लागली. चारपाच दिवसांत जखमेचा वास कमी झाल्याचे आईने सांगितले. मी रागावलो. प्रयोगशाळेत शिकवणाऱ्याच्या घरात हे चालायचे नाही, असे काहीसे बोललो आणि काढ्याचे पातेले मोरीत ओतले. मावशी काही बोलली नाही. पुढे आईच्या पायाची दोन बोटे काढावी लागली.

काढा चालू ठेवला असता तर बोटे वाचली असती, असे मी म्हणत नाही. तसे म्हणायला आधार नाही, आणि मधुमेही पायाची जखम काढ्यावर सोपवावी असे या व्यासपीठावरून कोणी ऐकून जाऊ नये. मला टोचते ते वेगळे आहे. माझ्या हाताशी प्रयोगशाळा होती, समोर एक निरीक्षण होते, आणि मी एक थेंबही तपासला नाही. त्याहून विचित्र गोष्ट मला पुष्कळ वर्षांनी उमगली. मी तो थेंब तपासला असता तरी त्या दिवसांतल्या पद्धतीने बशीवरच तपासला असता, वर्तुळ बहुधा पडले नसते, आणि मी पातेले अधिक आत्मविश्वासाने ओतले असते.

कारण वर्तुळ मारणाऱ्या औषधाचे पडते. चिकटू न देणाऱ्याचे पडत नाही.

चिकटण्याचा प्रश्न विचारणारी काही माणसे त्या शतकातही होती. हेन्रिची याने १९३३ साली अमेरिकेत तळ्यात काचपट्ट्या सोडून पाहिल्या. आमच्या सरांनी हौदात केले ते नेमके हेच, आणि मला खात्री आहे की त्यांनी हेन्रिचीचे नावही ऐकले नव्हते. झोबेल याने १९४३ मध्ये समुद्राच्या पाण्यातले जीवाणू बाटलीच्या काचेवर कसे जमतात याचा अभ्यास केला. पण विषयाला जोर आला तो १९७८ नंतर. कॅनडातल्या कॉस्टर्टन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्या वर्षी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात लेख लिहून सांगितले की निसर्गात जीवाणूंचे चिकटून राहणे हाच नियम आहे, मोकळे पोहणे अपवाद. २००८ मध्ये एका अमेरिकन पाहणीत ५० जुनाट जखमांपैकी ३० मध्ये जैवपटल आढळले, तर ताज्या १६ जखमांपैकी केवळ एकीत. तो शोधनिबंध वाचला त्या रात्री मला १९८६ सालचे अहवाल आठवत राहिले. बशीवरचा जीवाणू एकटा होता, पायातला वस्तीला होता. दोन्ही अहवाल खरे होते.

जीवाणू वसाहत करायचे केव्हा ठरवतात, हा पुढचा प्रश्न, आणि येथे विषय रंगतो. चमकणाऱ्या सागरी जीवाणूंचा अभ्यास करताना नील्सन आणि हेस्टिंग्ज यांनी १९७० मध्ये दाखवले की हे जीवाणू थोडे असताना चमकत नाहीत. पुरेसे जमले की एकदम चमकतात. प्रत्येक जण एक रसायन थोडेथोडे सोडतो, आणि ते भोवती पुरेसे साठले म्हणजे मंडळी जमली असे सर्वांना कळते. १९९४ पासून याला कोरम सेन्सिंग म्हणतात. आपल्याकडे या शब्दाला उत्तम प्रतिशब्द तयार आहे: गणपूर्ती. माजी विद्यार्थी संघाच्या वार्षिक सभेला गेलेल्यांना तो समजावून सांगावा लागणार नाही. फरक इतकाच की आपली सभा गणपूर्तीअभावी अर्धा तास तहकूब होते आणि मग त्याच ठिकाणी गणपूर्तीवाचून भरते. जीवाणू नियमाचे पक्के असतात.

मग कोणी तरी विचारले, हा निरोपच पोचू दिला नाही तर? उत्तर समुद्रातून आले. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर डेलिसिया पल्क्रा नावाचे लाल शैवाल वाढते. त्याच्या पानांवर बुळबुळ धरत नाही. १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियन आणि डॅनिश संशोधकांना आढळले की ते शैवाल फ्युरॅनोन जातीची द्रव्ये सोडते, ती जीवाणूंच्या निरोप्यासारखी दिसतात आणि त्याची जागा अडवून बसतात. जीवाणू मरत नाहीत, त्यांची सभा भरत नाही. जीवाणूंना एकेकटे करणारे अगार लाल शैवालातून आले होते. त्यांची वसाहत मोडण्याची पहिली किल्लीही लाल शैवालातच मिळाली. स्थिर उभे राहणाऱ्या झाडाला आणि शैवालाला पळून जाता येत नाही, तेव्हा अंगावर वस्ती होऊ न देण्याची विद्या त्यांच्याकडे असावी, हे मागाहून पाहता साहजिकच वाटते.

त्यानंतर स्वयंपाकघरातला प्रत्येक डबा उघडला गेला. दालचिनीतले सिनॅमाल्डिहाइड, लवंगेतले युजेनॉल, कांद्यातले क्वर्सेटिन, हळदीतले कुर्क्युमिन. लसणाच्या अर्काने स्यूडोमोनास जीवाणूंची गणपूर्ती बिघडते आणि उंदरांच्या फुप्फुसांतून ते लवकर निघून जातात, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. टॅनिक आम्ल स्टॅफिलोकॉकसला वसाहत करू देत नाही, हे २०१३ मध्ये. आणि २०२० मध्ये, आपल्यापासून शंभरेक किलोमीटरवर, अहमदाबादच्या निरमा विद्यापीठातल्या संशोधकांचा निबंध आला, तो पंचवल्कलाच्या अर्कावर. क्रोमोबॅक्टीरियम नावाचा एक जीवाणू गणपूर्ती झाली म्हणजे जांभळा रंग तयार करतो. पंचवल्कलाच्या सान्निध्यात तो रंग फिका झाला. इतर काही रोगकारक जीवाणूंचा उपद्रवही घटला. मी तो निबंध दोनदा वाचला. मावशी त्याच्या सहा वर्षे आधी गेली होती.

आता येथे सरांच्या तांबड्या शाईची आठवण होते. प्रयोगवहीत आम्ही काहीही उत्साहाने लिहिले की ते समासात विचारीत, "सिद्ध काय झाले?" तोच प्रश्न या साऱ्या संशोधनाला विचारला पाहिजे. बशीत आणि प्रयोगशाळेतल्या जंतावर जे घडते ते माणसाच्या जखमेत घडेलच असे नाही. लसणाच्या उंदरांवरील यशानंतर फुप्फुसाच्या रुग्णांवर एक लहान चाचणी झाली, तिचा निकाल २०१० मध्ये आला. निर्णायक लाभ दिसला नाही. कुर्क्युमिनची तर वेगळीच कथा. ते स्वतः रंगीत, प्रकाशात चमकणारे, अस्थिर आणि अनेक प्रथिनांना सैलपणे चिकटणारे. त्यामुळे पुष्कळ चाचण्यांत ते खोटाच होकार देते, अशी सप्रमाण टीका २०१७ मध्ये रसायनज्ञांनी केली. १९९५ साली जखम भरून आणण्यासाठी हळदीच्या वापराचे एकस्व अमेरिकेत दिले गेले, आणि डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांचे दाखले देऊन ते १९९७ मध्ये रद्द करवले, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. परंतु हळदीचा हा वापर जुना आहे, एवढेच त्या निकालाने ठरले. हळद किती गुणकारी, हे त्याने ठरले नाही. आपण दोन्ही गोष्टी एकाच सुरात बोलतो.

रंगांचा विषय निघालाच आहे, तर कलाभवनाच्या विद्यार्थ्याला आवडेल अशी एक खोच सांगतो. जैवपटल मोजण्याची सर्वांत स्वस्त रीत अजून सरांचीच आहे. प्लास्टिकच्या लहान वाट्यांत जीवाणू वाढवायचे, वाट्या धुवायच्या, क्रिस्टल व्हायोलेट ओतायचे, पुन्हा धुवायच्या. जितका जांभळा रंग राहिला तितकी वसाहत. आता गज्जरांच्या काळातला कोणताही रंगारी सांगेल की हा जातीचा रंग सुतावर पक्का बसवायचा तर आधी सूत टॅनिनात बुडवावे लागते. म्हणजे ज्या सालीची परीक्षा करायची तिच्यात टॅनिन, आणि परीक्षेचा रंग टॅनिनाला धरणारा. वाटी नीट धुतली नाही तर काय मोजले, वसाहत की साल? माझ्या विद्यार्थ्यांना मी ही चाचणी कधी एकटी करू दिली नाही; धुतलेले जीवाणू पुन्हा वाढवून मोजा, सूक्ष्मदर्शकाखाली पाहा, आणि जीवाणू न घातलेली वाटी शेजारी ठेवा, असा आग्रह धरला. त्यामुळे आमचे निबंध थोडे झाले. एका विद्यार्थिनीचे दीड वर्षाचे काम शेवटच्या वाटीने पुसून टाकले. ती रडली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाट्या धुवायला आली.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे थेट ओढवलेले मृत्यू जगात सुमारे १२ लाख ७० हजार होते, असा अंदाज 'लॅन्सेट'ने २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. मारणारे प्रत्येक औषध वाचलेल्या जीवाणूला मोकळे रान देते. चिकटू न देणारे द्रव्य कोणाला मारत नाही, म्हणून त्याच्याविरुद्धची प्रतिकारशक्ती सावकाश वाढावी, अशी आशा आहे. ती अजून आशाच आहे. काही जीवाणूंनी अशा द्रव्यांनाही बगल दिल्याचे प्रयोगशाळेत दिसले आहे. बहुधा सालीचे द्रव्य एकटे लढणार नाही. ते वसाहत सैल करील आणि मग थोडक्या प्रतिजैविकाने काम भागेल, असा जोडीचा मार्ग मला अधिक संभवनीय वाटतो. जखमेचे मृत मांस कापून काढणे, ती रोज धुणे, साखर ताब्यात ठेवणे आणि पायावरचा भार काढणे, यांना पर्याय मात्र कोणत्याही सालीत नाही. सुश्रुतानेही साठ उपक्रम सांगितले, एक नव्हे.

वेळ संपत आला आहे. शाळेच्या मागचा हौद केव्हाच बुजवला गेला. त्या जागी आता सायकलींची शेड आहे, आणि पाणी गच्चीवरच्या टाकीतून येते. मुख्याध्यापकांशी बोलून एक परवानगी मी घेतली आहे. येत्या सोमवारी नववीच्या मुलामुलींबरोबर त्या टाकीत बारा काचपट्ट्या सोडायच्या आहेत: चार कोऱ्या, चार वडाच्या सालीच्या काढ्यात भिजवून काढलेल्या, आणि चार बाजारातल्या टॅनिनाच्या पाण्यातून काढलेल्या. हे पिण्याचे पाणी नाही, याची खातरजमा केली आहे. कोणती पट्टी कोणती, हे फक्त प्रयोगशाळेतल्या मदतनीसांना माहीत असेल. आठ दिवसांनी पट्ट्या काढू, जेंशियन व्हायोलेट मी घेऊन येईन.